तळमजल्याचा नियम

१० जून २०२५

आज दुपारी मुलं झोपलेली असताना सरकारी खात्याचा माणूस आला. पंढरीनाथ असं नाव सांगितलं. छत्री बाहेर टेकवून ठेवली, चपला बाहेर काढल्या, आवाज हळू. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. आरडाओरडा करणारा निदान एकदाच काय ते बोलून मोकळा होतो.

त्यांनी नोटीस दिली. सरकारने नवा नियम काढलाय. खाजगी पाळणाघर यापुढे फक्त तळमजल्यावर चालेल. माझं राहत्या घरातच, दुसऱ्या मजल्यावर आहे. महिन्याभरात बंद करायचं, नाहीतर खाली जागा बघायची. शेवटी एका ओळीत सूट आहे. शाळेला जोडलेल्या पाळणाघरांना हा नियम लागू नाही.

मी विचारलं, "तक्रार कुणी केली?"

"नियम आलाय मॅडम. सगळ्यांनाच देतोय."

मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो असंच बोलतो.

ते गेल्यावर सुलूताई म्हणाली, "माणूस बरा वाटला, ताई. झोपलेल्या पोरांकडं बघून हळू बोलत होता." सुलूताई रोह्याची, पन्नाशीची, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर मुलं सांभाळतेय. तिला सगळेच बरे वाटतात. मुलांकडे तो बघत होता हे मीही पाहिलं. मोजत होता.

१२ जून

नियम असे आपोआप दारात येत नाहीत. शांती नगरात इतकी पाळणाघरं आहेत, मग पहिली माझीच बेल का वाजली?

तळमजल्यावर हंसाबेन राहतात. मिस्टर गेल्यापासून एकट्याच. मुलगा सुरतला. दिवसभर गेटजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची. गेल्या महिन्यात त्यांनी मला थांबवून विचारलं होतं, "मिनल, अभी कितने बच्चे आते हैं?" मी म्हटलं, अकरा. तर म्हणाल्या, "सबको लेके ऊपर-नीचे, थक जाती होगी तू." तेव्हा मला ते प्रेमाचं वाटलं होतं.

परवा नोटीस देऊन पंढरीनाथ साहेब खाली उतरले तेव्हा मी खिडकीतून बघत होते. हंसाबेननी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. बराच वेळ बोलणं चाललं होतं. हात करून घराच्या आत काहीतरी दाखवत होत्या. अनोळखी माणसाला कुणी असं आत दाखवतं का? म्हणजे ओळख आधीपासूनची.

१४ जून

माझा नवरा अमोल म्हणतो, गेल्या वर्षी ती आग लागली होती ना, दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाळणाघराला, त्यावरून काढला असेल नियम. मी म्हटलं, ते कुठे, आपण कुठे. ती बातमी मी तेव्हाही पूर्ण वाचली नव्हती. फोटो आला की मी पुढे जायचे.

संध्याकाळी विल्मा एरिकला न्यायला आली. ती भाईंदरला एका हॉस्पिटलात नर्स आहे, माहेर उत्तनचं. बाकीच्या आया नोटीस ऐकून गप्प झाल्या, दोघींनी तर लगेच दुसरीकडे चौकशी सुरू केली असणार. विल्मा मात्र चप्पल घालता घालता थांबली.

"तू गप बसू नको. माझी मामेबहीण हायकोर्टात वकील हाय, व्हॅलेरी. तिला भेटू. न्हाय जमलं तर न्हाय."

विल्माला माझी एवढी काळजी का, याचा मी विचार केला. एरिकला दुसरीकडे कुठे ठेवणार, म्हणून असेल. तो अजून बाटलीशिवाय झोपत नाही, दुसरं कुणी घ्यायचं नाही त्याला.

२१ जून

आज विल्माबरोबर उत्तनला गेले. व्हॅलेरी मॅडम घरच्या कपड्यांत होत्या. ओट्यावर त्यांची आई मासळी, वाकट्या साफ करत बसली होती आणि आमचं बोलणं ऐकून मधूनच "हां, ह्ये बरोबर हाय" म्हणत होती. वकील म्हटल्यावर मी वेगळंच चित्र बघितलं होतं.

मी म्हटलं, "नियम चुकीचा आहे, एवढंच कोर्टाला सांगा."

"चुकीचा आहे म्हणून कोर्ट नियम रद्द करत नाही. कोर्ट काही सरकारच्या खुर्चीत बसून स्वतः निर्णय घेत नाही. सरकारला थोडं चुकायची मुभा असते. कोर्ट बघतं ते एवढंच, की निर्णय डोकं लावून घेतलाय का. ज्या कारणासाठी नियम केला, त्या कारणाचा आणि नियमाचा काही संबंध लागतो का."

"नाहीच लागत."

"अर्धा लागतो," त्या म्हणाल्या. "आग लागली तर मुलं चटकन बाहेर यावीत, हे कारण चांगलंय. त्याच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण मग शाळेच्या पाळणाघराला सूट का? ते चौथ्या मजल्यावर असलं तरी चालतं. शाळेचं मूल काय जास्त पळतं? सरकार लोकांमध्ये फरक करू शकतं, रेघ ओढू शकतं. पण रेघ इथेच का ओढली, हे त्या कारणावरूनच सांगता आलं पाहिजे. नाहीतर ती मनमानी."

का ओढली ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेने गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावर डे-केअर काढलंय. ईश्वर नावाचे गृहस्थ ते बघतात. माझी मुलं तिकडे वळवायची म्हणून हे सगळं चाललंय, आणि आमच्या बिल्डिंगमधून हंसाबेन त्यांना सामील आहेत. दोघांची नावं अर्जात घाला म्हटलं.

"पुरावा काय?"

"दिसतंय ना मॅडम."

"दिसतंय हा पुरावा नसतो. कुणाच्या मनात काळं होतं असं म्हटलं की ते सिद्ध करावं लागतं, आणि त्यात कोर्ट फार कडक असतं. मला कुणाच्या मनात शिरायचं नाही. मला नियम पुरे."

मग एकदम विचारलं, "तुमच्या बिल्डिंगला जिने किती?"

"एक."

ते मात्र त्यांनी लिहून घेतलं. हंसाबेनचं नाव लिहिलं नाही, जिना लिहिला. येताना बसमध्ये हेच डोक्यात होतं. ही बाई नक्की कुणाच्या बाजूची आहे?

८ जुलै

अर्ज दाखल झाला आणि आज कोर्टाने स्थगिती दिली. निकाल लागेपर्यंत मला बंद करायला लावणार नाहीत. सुलूताईने मुलांना शिरा केला. मी दाराची कडी दोनदा बघितली.

१९ जुलै

अमोल माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

तो भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, शनिवारी लवकर येतो. आज तो गेटमधून आत आला हे मी वरून बघितलं, पण घरी यायला त्याला खूप उशीर झाला. मी जिन्यात गेले तर हंसाबेनच्या दारातून बाहेर पडत होता. मला बघून दचकला.

"नळ गळत होता त्यांचा. वायसर बदलून दिला."

हातात पाना नाही, काही नाही. बाही कोरडी. जेवताना त्याने विचारलं, "मिनल, समजा तळमजल्यावरच जागा मिळाली, तर?" मी विचारलं, कुणाची? म्हणाला, असंच, समजा.

समजा म्हणे. म्हणजे माझी केस बुडणार हे त्याने धरूनच ठेवलंय. की कुणी तसं धरायला सांगितलंय?

२९ जुलै

हंसाबेनचा मुलगा चंदन सुरतेहून आला होता. आईशी मोठ्याने बोलत होता, सगळं ऐकू येत नव्हतं. "मम्मी, अकेली क्या करोगी यहाँ" एवढं कळलं, आणि मग हंसाबेनचा आवाज, "बच्चे आएंगे तो अकेली कहाँ." कुणाची मुलं? त्याची तर अजून लहान आहेत, सुरतच्या शाळेत आहेत. थापा मारत असतील मुलाला.

जाताना तो आमच्या खिडकीकडे वर बघून गेला.

२ ऑगस्ट

आज बोलले एकदाचं.

सकाळी मुलांना सोडायला आया येत होत्या. हंसाबेन खुर्चीवर. एरिक त्यांच्याकडे पळत गेला आणि त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. विल्माही हसत होती. माझं डोकंच फिरलं. मी एरिकला त्यांच्याकडून घेतलं आणि म्हटलं, "एका बाजूने तक्रारी करायच्या आणि दुसऱ्या बाजूने लाड करायचे, हे मला नाही चालणार. मला सगळं माहितेय तुमचं. त्या साहेबाला घरात बोलावून काय शिकवलंत तेही."

हिंदीत बोलायला हवं होतं, पण मला मराठीच सुचलं. त्यांना कळलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्या भांडतील, उलट बोलतील, निदान खोटं तरी बोलतील. त्या "अच्छा" म्हणाल्या. उठल्या, खुर्ची घडी केली आणि आत गेल्या.

गप्प बसल्या, म्हणजे खरंच असणार. नाहीतर माणूस गप्प बसेल का?

३ ऑगस्ट

विल्माने कुठेतरी सांगितलं असणार, अमोलला कळलं. इतकं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो आवाज चढवत नाही, फक्त भांडी आपटत होता. मग म्हणाला, हंसाबेन आपला पुढचा हॉल आणि एक खोली पाळणाघरासाठी द्यायला तयार होत्या. त्या साहेबांना त्यांनी हेच विचारलं होतं, इथे चालेल का म्हणून. मुलगा घर विकून सुरतला चल म्हणतोय, त्यांना जायचं नाहीये. घरात मुलं आली तर त्याला सांगायला एक कारण झालं असतं. चंदनने हो म्हणेपर्यंत मिनलला सांगू नको, उगाच आशेला लागेल, असं त्यांनीच अमोलला बजावलं होतं.

मी ऐकून घेतलं. पण मला एक कळत नाही. हे सगळं आत्ता, माझं बोलून झाल्यावर का बाहेर आलं? माणूस पकडला गेला की चांगली गोष्ट रचतोच. अमोल साधा आहे, त्याला त्यांनी काहीही सांगितलं असेल.

मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला कुणी पाणी दिलं तर तू आधी ग्लासाच्या तळाशी बघतेस." आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

२३ ऑगस्ट

हंसाबेन सुरतला गेल्या. गणपतीच्या आधीच. टॅक्सीत सामान ठेवायला अमोल गेला होता. मी मुलांची खिचडी गाळायचं निमित्त काढून वरच थांबले. खिचडी काही गाळत नाहीत. सुलूताई माझ्याकडे बघत होती.

गेटजवळची जागा मोकळी दिसते. बरं झालं. आता मोकळेपणाने येता-जाता येईल.

१८ सप्टेंबर

आज कोर्टात गेले. व्हॅलेरी मॅडमनी मागे बसायला सांगितलं. बोलणं सगळं इंग्रजीत, पण बरंचसं कळलं, राहिलेलं त्यांनी नंतर सांगितलं.

सरकारी वकील म्हणाले, शाळांना मैदान असतं, शिक्षक असतात, म्हणून सूट. खुर्चीतल्या न्यायमूर्ती बाईंनी विचारलं, "हे नियमात कुठे लिहिलंय?" ते म्हणाले, "आमच्या प्रतिज्ञापत्रात आहे." त्या म्हणाल्या, "ते तुम्ही केस दाखल झाल्यावर लिहिलं. नियम करताना काय विचार केला होता ते सांगा." त्यांनी कागद चाळले. मग बाई म्हणाल्या, "आगीला कसं कळणार, कुठलं मूल शाळेचं आणि कुठलं नाही?" मागे कुणीतरी हसलं. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला.

आणि मग त्या आमच्याकडे वळल्या.

"तुमच्या अशिलाकडे जिने किती?"

"एक, माय लेडी."

"जिन्यात धूर झाला तर मुलं खाली कशी आणणार?"

व्हॅलेरी मॅडम म्हणाल्या, "हाच प्रश्न प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारायला हवा होता, माय लेडी, आणि सरकारने तो एकाही ठिकाणी विचारलेला नाही. आमचं म्हणणं तेवढंच आहे."

बाईंनी मान हलवली, पण नजर त्यांच्यावरून पुढे आली. मी तिथे आहे हे त्यांना कसं माहीत असणार, तरी मला वाटलं की माझ्याकडेच बघतायत. मी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत बसले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही उत्तर दिलंच नाहीत."

"तुमच्याकडे आहे का? असेल तर आत्ता सांगा, मी जाऊन देते."

मला राग आला. माझ्याच वकिलाने मला असं विचारावं?

१२ नोव्हेंबर

जिंकलो. नियम रद्द.

व्हॅलेरी मॅडमनी फोनवर समजावलं. कोर्ट म्हणालं, मुलांच्या सुरक्षेसाठी सरकार नियम करू शकतं, कडकसुद्धा करू शकतं. पण एकही जिना न बघता, कुणालाही न विचारता, वरच्या मजल्यावरचं पाळणाघर धोक्याचं आणि शाळेचं मात्र सुरक्षित असं ठरवणं ही मनमानी आहे. नवा नियम करायला सरकार मोकळं. तोपर्यंत प्रत्येक पाळणाघर, शाळेचं असो की घरातलं, जागेवर जाऊन एकाच कसोटीने तपासायचं, चालवणाऱ्याचं ऐकून घ्यायचं आणि जो काही निर्णय होईल तो कारणांसकट लिहून द्यायचा.

विल्मा पेढे घेऊन आली. सगळ्या आया थांबल्या होत्या. मी म्हटलं, "आता बघू कोण बंद करतं ते."

व्हॅलेरी मॅडमचं शेवटचं वाक्य मात्र टोचतंय. "मिनल, आपण जिंकलो म्हणजे तुमचा जिना जिंकला असं नाही." आनंदाच्या दिवशी कुणी असं बोलतं का? फी मिळाली, आता काय.

२८ नोव्हेंबर

पंढरीनाथ साहेब तपासणीला आले. मी तयारीत होते. दारात तोरण, मुलांचे स्वच्छ कपडे, आग विझवायचा नवा सिलेंडर. अमोल कामावरून सुट्टी घेऊन थांबला होता, सुलूताईने चहा टाकला. त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं. बघा, मनात आधीच ठरवून आलेत, असं मला वाटलं.

ते आधी खाली गेले. जिन्याच्या तोंडाशी बिल्डिंगचे सगळे मीटर आहेत, जुने, वायरी लोंबकळणारे. तिथे उभं राहून त्यांनी वर बघितलं. मग घरात येऊन खिडक्यांच्या जाळ्या हलवून पाहिल्या. पक्क्या आहेत. मुलं पडू नयेत म्हणून मीच बसवून घेतल्यात. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्ही आणि ताई, दोघी मिळून सगळ्यांना खाली घेऊन या. घाई करा, पण सांभाळून. मी मध्ये पडणार नाही."

दोन लहान मी कडेवर घेतली, दोन सुलूताईने. बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला सांगितले. पहिल्या वळणावरच रांग तुटली. एकीचा बूट निघाला, ती तो घालायला बसली, मागचे तिच्यावर आले. सुलूताईचा गुडघा दुखतो, ती भिंतीला धरून एकेक पायरी. एरिक पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसला आणि उठेचना. मी त्याला ओरडले. माझे दोन्ही हात भरलेले होते. त्याला उचलायला कुणाला तरी खाली ठेवायला हवं होतं, आणि कुणाला ठेवू ते मला कळेना.

साहेबांनी घड्याळ बघितलं नाही. ते मीटरच्या पेटीशेजारी उभे होते आणि आमच्याकडे बघत होते. जिथून आग सुरू झाली असती तिथेच आम्ही सगळे येऊन पोचणार होतो.

खाली साहेबांजवळ थांबलेल्या अमोलने वर येऊन एरिकला उचललं.

मग त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? जे असेल ते मी लिहून घेतो." पाच महिने बोलायचं म्हणून किती साठवलं होतं. मी म्हटलं, "ही मुलं माझ्याकडे चांगली आहेत." त्यांनी तेही लिहून घेतलं.

निर्णय संध्याकाळी साहेबांनीच आणून दिला. परवानगी नाही, वीस डिसेंबरपर्यंत बंद करायचं. बाहेर पडायची वाट एकच, तिच्या तोंडाशी वीजमीटर, खिडक्यांना जाळ्या, बारीक मुलं जास्त, मोठी माणसं दोनच. दुसरी वाट असलेली किंवा तळमजल्याची जागा मिळाल्यास लगेच परवानगी देता येईल. मी ते चार वेळा वाचलं. कुठे खोट दिसते का, कुणाचा हात दिसतो का, ते बघत होते. पंढरीनाथ साहेब दारात उभे होते.

"शाळेच्या त्या डे-केअरचं काय केलंत?" मी विचारलं.

"काल तपासलं. दोन जिने आहेत, दुसरा मागून मैदानात उतरतो. पास झालं."

"आणि तक्रार कुणी केली होती? आता तरी सांगा."

"कुणाचीच नव्हती हो मॅडम. नोंदणी असलेल्या सगळ्यांना नोटिसा दिल्या. तुमच्या वॉर्डापासून सुरुवात केली, कारण मी याच वॉर्डात राहतो." मग म्हणाले, "त्या खालच्या आजींची जागा का नाही घेतलीत? मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, फार छान होईल म्हणून. मागच्या बाजूलाही दार आहे त्यांना."

२९ नोव्हेंबर

दुपारी सुरतला फोन केला. नंबर अमोलने न बोलता दिला.

"कौन?"

"मिनल."

"एरिक सो गया?"

मी म्हटलं, झोपला. बाटली मागितली का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागितली. मग मी एका दमात सगळं सांगितलं, काल काय झालं ते, आणि त्यांच्या जागेचं मला माहीतच नव्हतं म्हणून सांगितलं. अमोलने ऑगस्टमध्येच सांगितलं होतं हे नाही सांगितलं.

"वो घर तो चंदन ने दे दिया, बेटा. क्लासवाले को. कागज भी हो गए."

"मला माहीत असतं तर..."

"पूछती तो बता देती," त्या म्हणाल्या. रागाने नाही. दुधाचा भाव सांगावा तसं.

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता.

२० डिसेंबर

पाळणाघराचा शेवटचा दिवस. मुलांच्या गाद्या सुलूताईने उन्हात टाकल्या. ती रोह्याला जाऊन येते म्हणाली. येईल की नाही माहीत नाही, मी विचारलं नाही. मग जिन्यापर्यंत गेली तेव्हा मागे धावत जाऊन विचारलं. म्हणाली, "तुम्ही बोलावलंत तर येते, ताई."

२६ डिसेंबर

ईश्वर सरांचा फोन आला. त्यांच्या डे-केअरला अनुभवी बाई हव्यात. सुलूताईंनाही घेऊ म्हणाले. माझ्याकडची बरीच मुलं आता तिकडेच जाणार, ती मला ओळखतात, तेव्हा मुलांनाही बरं पडेल.

मुलांना बरं पडेल की त्यांना? माझं नाव वापरायचं असेल. अमोल म्हणाला, "असेल. मग?" विल्माचा मेसेज आला, तू जाणार असशील तरच एरिकला घालते.

हो कळवलं.

५ जानेवारी २०२६

पहिला दिवस. मुलं यायच्या आधी गेले. सुलूताई कालच रोह्याहून आली, ती माझ्याबरोबर होती. चौथ्या मजल्यावर मोठा हॉल, रंगीत भिंती, पाळणे नवे. सगळं छान. मी ईश्वर सरांना म्हटलं, "दुसरा जिना दाखवा."

"आहे ना, मागे. इन्स्पेक्शनला पास झालाय."

"दाखवा."

ते हसले आणि शिपायाला माझ्याबरोबर दिलं. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. चावी खाली वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला गेलेला. दाराच्या फटीतून बघितलं तर पायऱ्यांवर मोडके बेंच रचलेले.

मी खाली आले. आया यायला लागल्या होत्या, विल्मा एरिकला घेऊन फाटकात होती. मी सगळ्या मुलांना खालच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसवून घेतलं आणि सुलूताईला त्यांच्यापाशी ठेवलं. ईश्वर सर धावत आले.

"मॅडम, हे काय? वर न्या ना मुलांना. तपासणीच्या दिवशी उघडं होतं ते. चोऱ्या होतात म्हणून बंद ठेवतो. आज संध्याकाळपर्यंत करून घेतो."

"कुलूप काढा, बेंच उचला, मग वर नेते."

"पालक बघतायत, मॅडम." आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्याच दिवशी तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पालकांकडे. विल्मा जागची हलली नाही. तिची ड्यूटी सुरू व्हायची वेळ झाली होती, तरी ती एरिकची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. मग आणखी दोघी येऊन तिच्याशेजारी थांबल्या. सर वॉचमनला हाका मारत मागे गेले.

बेंच निघायला बराच वेळ लागला. शिपाई कुरकुरत होता. धूळ खाली बसल्यावर मी एकटी त्या जिन्याने वर गेले आणि खाली आले, सगळी दारं ढकलून बघितली. मग लहान दोघांना कडेवर घेतलं, एरिकचा हात विल्माच्या हातात दिला आणि त्याच जिन्याने आम्ही सगळ्यांना वर नेलं. दुसऱ्या मजल्यावर एरिक पायरीवर बसला. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने तो आपणहून उठला.